सह्याद्रीतले वेगळे प्रार्थना कीटक: शोधायचे कसे, ओळखायचे कसे, पाहायचे कसे

पावसाळ्यात दिव्याखाली भिंतीवर येऊन बसणारा हिरवा, बोटाएवढा प्रार्थना कीटक बहुतेकांच्या ओळखीचा असतो. तो बहुधा हायरोड्युला या कुळीतला (कुळी म्हणजे जवळच्या जातींचा गट). पण जगात प्रार्थना कीटकांच्या २,४०० हून जास्त जाती आहेत आणि भारतात दीडशेहून जास्त. त्यातल्या कितीतरी जाती प्रार्थना कीटकासारख्या दिसतच नाहीत. कुणी सालीसारखा चपटा, कुणी गवताच्या काडीसारखा, कुणी वाळक्या डहाळीसारखा, तर कुणाचं पिल्लू हुबेहूब मुंगळा. कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावर हे सगळे प्रकार आहेत. ते दिसत नाहीत, कारण आपण हिरवा रंग शोधत फिरतो. हे कीटक शोधताना आणि ओळखताना आधी जागा पाहावी, मग बसण्याची ढब, मग शरीराचे भाग. रंग सगळ्यात शेवटी. एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी असे दोन्ही रंग सर्रास आढळतात, त्यामुळे रंगावरून सुरुवात केली की पुढची ओळख फसते.

कधी आणि कुठे

जून-जुलैत पिल्लं लहान असतात आणि पानापानांवर विखुरलेली असतात. पाऊस ओसरू लागला, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर, की प्रौढ सर्वाधिक दिसतात. नवशिक्याने याच काळात सुरुवात करावी, कारण प्रौढाची ओळख पिल्लापेक्षा खूप सोपी असते. मार्च-एप्रिलमध्ये कोरड्या रानात अंड्यांचे पुडे शोधावेत.

दिवसा शोधण्यापेक्षा सूर्यास्तानंतरचे दोन-तीन तास जास्त फळतात. टॉर्च डोळ्यांपासून दूर, एका बाजूला धरायचा आणि प्रकाश झाडाझुडपावर बाजूने, तिरका पाडायचा. समोरून पडलेल्या उजेडात सालीवरचा कीटक सपाट होऊन नाहीसा होतो, तिरक्या उजेडात त्याची सावली पडते. नजर एका झुडपावर किमान दोन मिनिटं ठेवावी आणि खालून वर न्यावी, कारण बरेच प्रार्थना कीटक पानाच्या किंवा फांदीच्या खालच्या बाजूला उलटे लटकलेले असतात.

जागा निवडताना फुलं, खोडं, गवत आणि दिवे या चारांवर भर द्यावा. घाणेरी, रानमोडी, झेंडू यांच्या फुलांच्या गुच्छांवर फुलकीटक, म्हणजे फुलांवर दबा धरणारे प्रार्थना कीटक, सापडतात. आंबा, फणस, ऐन यांच्या शेवाळ-दगडफूल चढलेल्या खोडांवर सालकीटक. कुसळी गवताच्या माळावर आणि सड्यांवर काडीसारखे. दिव्यावर मुख्यतः नर येतात, कारण ते हलके आणि उडणारे असतात, माद्या बहुतेक जातींत जड असतात.

दिव्याचा पडदा लावायचा असेल तर सहा बाय चार फुटांची पांढरी सुती चादर ताणून बांधावी आणि अमावास्येच्या आसपासची, वारा नसलेली रात्र निवडावी. चादरीवर पतंग जमतात, पण प्रार्थना कीटक बऱ्याचदा चादरीच्या कडेला, मागच्या बाजूला किंवा जवळच्या गवतात दबा धरून बसतात. तिथे न पाहता चादर गुंडाळली तर तेच हुकतात. दोन-तीन तासांत दिवा बंद करावा. रात्रभर जळणाऱ्या दिव्यामुळे पहाटे पक्षी आयते जमलेले कीटक टिपतात.

फणसाड, तिलारी किंवा गोव्यातलं मोले अशा संरक्षित क्षेत्रांत रात्री फिरायला आणि दिवा लावायला वनखात्याची परवानगी लागते. कीटक पकडून बाहेर नेणं तिथे बेकायदा आहे. कोकणात रात्री घोट्याच्या वर जाणारे बूट घालावेत: पाचोळ्यात आणि जांभ्या दगडांत फुरसं असतं, झुडपाच्या फांदीवर चापडा, दोन्ही विषारी साप. टॉर्चने नीट पाहिल्याशिवाय फांदीला हात लावू नये.

सोबत काय घ्यावं

हेडटॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पंधरा सेंटिमीटरची पट्टी, मऊ केसांचा रंगाचा ब्रश, आणि स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी डबा. डबा किमान आठ-दहा सेंटिमीटर उंचीचा हवा. गोल बरणी नको, तिच्या वक्र भिंतीतून फोटो वेडावाकडा येतो. मोबाइलला लावायची मॅक्रो भिंगं चालतात, पण ती अगदी जवळ नेऊन वापरावी लागतात आणि खोडावरचा कीटक तेवढ्यात पळतो. शक्य असेल तर कॅमेऱ्याला ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घ्यावी, हातभर अंतरावरून काम होतं.

आधी खात्री: हा प्रार्थना कीटकच ना?

दोन गफलती नेहमीच्या. काडीसारखा लांब कीटक दिसला की तो काडीकीटक असू शकतो. काडीकीटकाचे पुढचे पाय साधे असतात, दुमडून काटेरी चिमटा होत नाही, आणि त्याला डोकं सहज वळवता येत नाही. दुसरा तोतया मँटिसपिड. त्याचे पुढचे पाय अगदी प्रार्थना कीटकासारखे असतात, पण पंख पारदर्शक, जाळीदार आणि पाठीवर छपरासारखे उतरते मिटलेले असतात. तो चतुरासारख्या पंखांच्या लेसविंगांचा नातलग आहे, आकाराने एक ते तीन सेंटिमीटर.

मग पिल्लू की प्रौढ ते ठरवावं. पूर्ण पंख दिसले तर प्रौढ. पाठीवर फक्त पानाच्या कळीसारख्या छोट्या खपल्या असतील तर पिल्लू. मात्र काही जातींच्या प्रौढ माद्यांचे पंख आखूडच राहतात. डीफोबी या कुळीतल्या मादीला याच कारणाने पिल्लू समजलं जातं. अशा वेळी पंखांच्या शिरा पाहाव्यात: प्रौढाच्या आखूड पंखावर शिरांची जाळी स्पष्ट असते आणि पंख पाठीपासून सुटा असतो.

नर-मादी ओळखायला पोटाची खालची बाजू पाहावी. मादीच्या पोटावर सहा पट्टे मोजता येतात आणि शेवटचा मोठा असतो, नराच्या पोटावर आठ. पिल्लू मोठं झालं की त्यातही हा फरक दिसू लागतो. नराच्या मिशा लांब असतात, पंख पोटाच्या टोकापलीकडे जातात.

वेशावरून ओळख

खोडावर चपटा कीटक डोकं खाली करून बसला असेल आणि जवळ जाताच सरसर पळत खोडाच्या मागे गेला, तर हंबर्टिएला धरून चालायला हरकत नाही. लांबी साधारण दोन ते साडेतीन सेंटिमीटर, मानेसारखा भाग म्हणजे प्रोनोटम आखूड आणि जवळपास चौकोनी, रंग राखाडी-तपकिरी. त्याला एकट्याने पाहणं कठीण, कारण तुम्ही ज्या बाजूला जाल त्याच्या विरुद्ध बाजूला तो असतो. दोघांनी खोडाच्या दोन्ही बाजूंनी सावकाश यावं आणि एकाने स्थिर उभं राहावं. तो उभ्या माणसाच्या बाजूला येऊन थांबतो. तेव्हा लगेच कॅमेरा उचलू नये, पाऊण मिनिट जाऊ द्यावं.

माळावरच्या गवतात स्किझोसेफाला बायकॉर्निस शोधावा. लांबी दहा सेंटिमीटरच्या पुढे, जाडी जेमतेम गवताच्या देठाएवढी, आणि डोळे शंकूसारखे टोकदार. पुढचे पाय सरळ पुढे ताणून तो देठाला चिकटून बसतो, त्यामुळे वरून पाहिलं तर देठच वाटतो. गुडघ्यावर बसून, गवताच्या उंचीवर डोळे आणून, सूर्याच्या विरुद्ध बाजूने पाहावं. देठावर मध्येच जाडी बदललेली दिसली की तिथे थांबावं. वाळक्या काटेरी झुडपावर असाच लांबट कीटक सापडला आणि पोटाच्या टोकाचे दोन शेपटे चपटे, पानासारखे असले, तर एथॅलोक्रोआकडे विचार वळवावा. त्या शेपट्यांचा स्पष्ट फोटो नसेल तर या दोघांत गल्लत होते.

फुलकीटकांत सर्वांत सहज सापडतो क्रियोब्रोटर. प्रौढ तीन ते चार सेंटिमीटर. हिरव्या पुढच्या पंखावर मधोमध पिवळट-पांढरा गोल ठिपका, भोवती काळी किनार: पाठीवर जणू डोळा. मागचे पंख मिटलेले असताना दिसत नाहीत, त्यांच्या बुडाशी गुलाबी-लाल छटा असते. पिल्लू पाहताना पोट पाहावं: ते वर वळवून पाठीवर गुंडाळलेलं असतं, पायांवर छोट्या पाकळ्या असतात, रंग पांढरा-हिरवा-गुलाबी असा मिश्र. पंखावरचा डोळा स्पष्ट दिसला तरी क्रियोब्रोटरच्या पुढे जाऊन जातीचं नाव फोटोवरून लिहू नये. भारतात या कुळीच्या अनेक जाती आहेत आणि त्या एकमेकींच्या फार जवळच्या आहेत.

याच पिल्लाच्या फोटोखाली 'ऑर्किड मँटिस' असं नाव वारंवार दिलं जातं, ते सह्याद्रीत चुकीचं आहे. खरा ऑर्किड मँटिस, म्हणजे हायमेनोपस कोरोनेटस, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया या पट्ट्यातला. त्याच्या मधल्या आणि मागच्या पायांच्या मांड्यांवर रुंद, गोल पाकळ्या असतात. मादी सहा-सात सेंटिमीटर, नर तिच्या निम्म्याहूनही लहान. त्याला लपायला ऑर्किड लागत नाही. मलेशियात झालेल्या अभ्यासात परागण करणारे कीटक खऱ्या फुलांपेक्षा त्याच्याकडे जास्त वळले, तो साध्या हिरव्या पानांत बसलेला असतानाही. म्हणजे तो स्वतःच फूल बनून भक्ष्य बोलावतो.

पुढच्या पायांची मांडी ताटलीसारखी गोल, चपटी असलेला दोन-तीन सेंटिमीटरचा छोटा कीटक दिसला तर तो हेस्टियासुलाच्या गटातला. तो पुढचे पाय आळीपाळीने बाहेर काढून आत घेतो, मुष्टियोद्ध्यासारखा. पायाच्या आतल्या बाजूचे भडक रंग तेवढ्याच वेळात दिसतात. इथे फोटोपेक्षा व्हिडिओ काढावा आणि मग त्यातून हवी ती चौकट निवडावी.

मुंगीसारखी पिल्लं फार हुकतात. युआंटिसा पल्क्रा या जातीची लहान पिल्लं काळी असतात आणि मुंगळ्यांसारखी दिसतात. ओळखण्यासाठी मिशा पाहाव्यात. मुंगळ्याच्या मिशा कोपरात वाकलेल्या असतात, पिल्लाच्या मिशा सरळ दोऱ्यासारख्या. मुंगळ्याची कंबर बारीक गाठीची असते, पिल्लाची तशी नसते. आणि पिल्लू थांबून डोकं वळवून तुमच्याकडे पाहतं, मुंगळा पाहत नाही. मुंगळ्यांची रांग चालू असलेल्या झुडपावर, रांगेपासून थोडं बाजूला, एकटाच 'मुंगळा' बसलेला दिसला तर भिंग काढावं.

कोरड्या प्रदेशातला सर्वांत देखणा म्हणजे व्हायोलिन मँटिस, गोंगायलस गोंगायलोडीस. दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या कोरड्या झुडुपी रानातला हा कीटक एकदा पाहिला की दुसऱ्या कशाशी गोंधळ होत नाही. काडीसारखी लांब मान, तिच्या वरच्या टोकाला चौकटीच्या आकाराची ढाल, मधल्या-मागच्या पायांवर वाळक्या पानांचे तुकडे चिकटवल्यासारखी पाती, डोक्यावर टोक. नराच्या मिशा कंगव्यासारख्या दातेरी, मादीच्या साध्या. ढालीची खालची बाजू जांभळट छटेची असते आणि ती वरून कधीच दिसत नाही, म्हणून खाली वाकून फोटो घ्यावाच. हा उडत्या किड्यांवर जगतो. जमिनीवर चालणाऱ्या किड्यांकडे फारसं लक्ष देत नाही. उन्हाळी, तापलेली जागा त्याला मानवते. दमट, सावलीच्या सदाहरित रानात त्याला शोधून वेळ घालवू नये.

उरलेले नेहमीचे हिरवे-तपकिरी कीटक वेगळे करायला पुढच्या पायाची आतली बाजू लागते. पायाचा शरीराला जोडलेला पहिला लांब भाग म्हणजे कॉक्सा, त्यानंतरची जाड काटेरी मांडी म्हणजे फीमर. कॉक्साच्या आत काळा ठिपका, कधी त्याच्या मधोमध पांढरा, असेल तर मँटिस रिलिजिओसा. फीमरच्या आत काळा डाग असेल तर स्टॅटिलियाचा विचार करावा. पुढच्या पंखावर एकच ठळक पांढरा ठिपका असलेला दांडगा कीटक बहुधा हायरोड्युला, त्याच्या काही जातींत कॉक्सावर फुगीर पिवळट गाठीही असतात.

फोटो: कोणते आणि कसे

पाठीवरून पूर्ण शरीर, बाजूने पूर्ण शरीर, समोरून चेहरा, पुढच्या पायाची आतली बाजू, छातीखालची बाजू, पोटाची खालची बाजू. हे सहा फोटो असले तर जाणकाराला काम करता येतं. फक्त पाठीचा एक सुंदर फोटो असेल तर अर्ध्या वेळा कुळीसुद्धा ठरत नाही. कीटकाला न हलवता शेजारी पट्टी धरून एक फोटो घ्यावा.

पायाची आतली बाजू दिसावी म्हणून पाय ओढू नये. ब्रशच्या केसांनी मागच्या पायांना हलकं टेकवलं की तो पुढे चालतो. समोर डबा धरला की आपणहून आत जातो. मग डबा उभा करून त्याच्या भिंतीवरून कीटकाला वर चढू द्यावं. चढताना पोट, छाती आणि पायांची आतली बाजू एकाच वेळी समोर येते. पाच मिनिटांत काम संपवून त्याच झुडपावर, त्याच उंचीवर सोडावं. डबा उन्हात ठेवू नये, आतली हवा फार लवकर तापते.

डोळ्यांचा रंग ओळखीसाठी वापरू नये. दिवसा हिरवट दिसणारे डोळे रात्री गडद तपकिरी-काळे होतात, कारण अंधारात आतलं रंगद्रव्य सरकतं आणि जास्त प्रकाश आत घेतला जातो. दिवसाच्या फोटोत डोळ्यात दिसणारा काळा ठिपका बुबुळ नाही. ज्या दिशेने तुम्ही पाहता त्या दिशेच्या भिंगांचा तो आभास आहे, म्हणून तो तुमच्याबरोबर फिरतो. आकार मात्र उपयोगी: डोळे गोल की शंकूसारखे, टोकाला काटा आहे की नाही, हे नोंदवावं.

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंद टाकताना झाडाचं नाव, जमिनीपासूनची उंची, वेळ आणि तो कोणत्या ढबीत बसला होता ते लिहावं. फोटोवरून संगणकाने आपोआप सुचवलेलं जातीचं नाव तसंच स्वीकारू नये. काही कुळ्यांत जात ठरवायला नराची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. तिथे 'हायरोड्युला' एवढंच लिहिलेली नोंद चुकीच्या पूर्ण नावापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

पाहत बसणं

एक कीटक नीट पाहायचा तर अर्धा तास तरी द्यावा. शरीर डावी-उजवीकडे डोलवणं दोन कारणांनी होतं. वाऱ्यात पान हलावं तसं डोलून तो लपतो, आणि डोकं एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सरकवून समोरच्या वस्तूचं अंतर मोजतो. दुसऱ्या प्रकारात नजर एकाच जागी खिळलेली असते, आणि त्यानंतर बऱ्याचदा झडप किंवा उडी येते. झडप सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात संपते, ती टिपायला मोबाइलचा स्लो-मोशन व्हिडिओ वापरावा.

बऱ्याच जातींत छातीच्या खाली, मागच्या पायांच्या बुडांमध्ये एकच कान असतो. १९८६ साली याचा शोध प्रसिद्ध झाला. हा कान वटवाघळांचे श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणारे, आवाज ऐकतो. दिव्याजवळ उडणारा नर अचानक गिरकी घेऊन खाली पडल्यासारखा झाला तर आसपास वटवाघूळ आहे का पाहावं. आखूड पंखांच्या माद्यांमध्ये हा कान बऱ्याचदा कामाचा नसतो, त्या उडतच नाहीत.

उलटं लटकलेलं, पंखांच्या कळ्या फुगलेलं, जवळ आलेल्या माशीकडेही न पाहणारं पिल्लू दिसलं की तिथून मागे व्हावं. ते कात टाकणार आहे. फांदी हलली आणि ते खाली पडलं तर नवी कातडी वाकडीच वाळते, पाय किंवा पंख कायमचे वेडेवाकडे होतात. म्हणूनच झुडपाखाली उघडी छत्री उलटी धरून वर काठी मारण्याची पद्धत पावसाळ्यात वापरू नये. त्या काळात झुडपावर कात टाकणारी पिल्लं असतात.

पंख उघडून पाय फाकवून दाखवलेला भीतीचा आविर्भाव फोटोसाठी पुन्हा पुन्हा काढायला लावू नये. एकदा आपसूक झाला तर टिपावा. पोट वाजवीपेक्षा फुगलेला आणि पाण्याकडे ओढल्यासारखा चालणारा कीटक दिसला तर आत घोड्याच्या केसासारखा कृमी असण्याची शक्यता असते. कीटक पाण्यात पोहोचताच कृमी बाहेर पडतो.

अंड्यांचे पुडे

मादी फेस सोडून त्यात अंडी घालते आणि फेस वाळून कडक होतो. हायरोड्युलाचा पुडा मोठा, फुगीर असतो आणि त्यातून शंभरावर पिल्लं निघू शकतात. इतर जातींचे पुडे अरुंद, लांबट किंवा सालीला चिकटलेले असतात. पुड्यावर विखुरलेली बारीक गोल भोकं दिसली तर त्यातून प्रार्थना कीटक निघालेले नाहीत, पोडाग्रिऑनसारख्या छोट्या परजीवी गांधीलमाश्या निघाल्या आहेत. प्रार्थना कीटकांची पिल्लं पुड्याच्या मधल्या पट्टीतून, एकाच सकाळी, दोऱ्यावर लोंबकळत बाहेर येतात आणि पट्टीवर पातळ पांढरे धागे मागे राहतात.

ताजा, भोकं नसलेला पुडा सापडला तर फांदीला सैल रंगीत दोरा बांधून जागा खुणावावी आणि साधारण महिना-दीड महिना दर दोन-तीन दिवसांनी सकाळी चक्कर मारावी. पुडा तोडून घरी आणला तर पिल्लं बहुतेकदा अशा दिवशी निघतात जेव्हा त्यांना द्यायला एवढ्या बारीक माश्या हाताशी नसतात, आणि दोन दिवसांत ती एकमेकांना खाऊ लागतात. फांदीवरच निघालेल्या पिल्लांचे पहिल्या तासातच फोटो घ्यावेत. बाहेर पडताना ती फिकट असतात, तासाभरात खरा रंग येतो, त्यामुळे एक फोटो लगेच आणि एक रंग भरल्यावर. काळी, मुंगीसारखी निघाली तर पुडा फुलकीटकांपैकी कुणाचा तरी असण्याची शक्यता मोठी. हिरवट-पिवळट निघाली तर हायरोड्युलाच्या बाजूला पाहावं. संध्याकाळपर्यंत ती पांगतात, तेव्हा आसपासच्या दोन-तीन मीटरमधली झुडपंही त्याच दिवशी पाहून घ्यावीत.